पायलचं एकही उत्तर चूक नव्हतं

डाळिंबाचं चित्र समोर धरून कोणी तुम्हाला विचारलं, "याच्या नावाचा पहिला आवाज कोणता?" तर तुम्ही काय सांगाल? ड. दिवाळी अंक वाचणारा कोणीही माणूस ड असंच सांगेल. चिंचेचा च, घुबडाचा घ, सशाचा स. घरी बसल्या बसल्या तुम्ही पास झालात. आमच्या सौंसरकडच्या शाळेत तुम्ही नापास झाला असता. वर तुमच्या आईला निरोप गेला असता की लेकरू डोक्यानं कमी दिसते, शिबिरात नेऊन तपासून घ्या.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं हे झालं. आता मी निवृत्त आहे. घरचे म्हणतात, सोड तो राग, बीपी वाढते. बीपी वाढायचं ते वाढून गेलं. राग मात्र मी सोडणार नाही.

आमचा भाग आधी समजून घ्या. सौंसर, पांढुर्णा नकाशात मध्य प्रदेशात. पांढुर्ण्याचा आता जिल्हाही झाला. पण लग्न, दवाखाना, कापसाचा बाजार, सगळ्यासाठी आमचे लोक नागपूरकडे धावतात. घरात बोलणं वऱ्हाडी मराठी. शेतात मराठी, भांडण मराठी, विहारातली वंदना झाल्यावर पायरीवर बसून होणाऱ्या गप्पा मराठी. शाळा तेवढी हिंदी. मी स्वतः सौंसरला मराठी शाळेत शिकले. ती शाळा पोरं नाहीत म्हणून बंद झाली, आणि शाळा नाही म्हणून पुढची पोरं हिंदीत गेली. कोणतं आधी झालं ते विचारू नका. नोकरी मला हिंदी शाळेत लागली, रामाकोन्याकडच्या एका गावात, आणि जवळजवळ सगळी नोकरी मी पहिलीच्या वर्गात काढली. पहिली कोणी मागून घेत नाही. मी मागून घेतली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पहिलीला शिकवायचं म्हणजे काय, फळ्यावर अ आ इ ई काढायचं आणि पोरांकडून घोकून घ्यायचं. घोकायला पोरं कधीच कमी पडत नाहीत. "क कमल का, ख खरगोश का" असा सूर लागला की पाहुणे माना डोलावतात. त्यांना मी म्हणायची, आता पुस्तक मिटा, फळ्यावर नुसतं 'मका' लिहा आणि वाचायला सांगा. वर्ग चिडीचूप. पोरांना अक्षरांचं गाणं पाठ असतं, अक्षराचा आवाज माहीत नसतो. एक मुलगा पुस्तक उलटं धरून अख्खा धडा वाचायचा. ओळीवरून बोट सरकवत, एक चूक नाही. त्याच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा. ते शाळेत येऊन मला म्हणाले, "मॅडम, पोट्टं लय हुशार हाय, त्याले दुसरीत टाकून द्या." मी पुस्तक सरळ केलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. पोरगा बापाकडे पाहायला लागला. बाप माझ्यावर चिडला, आणि त्यानं पोराला उचलून पांढुर्ण्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे तो आता उलट्या पुस्तकातून इंग्रजी वाचत असेल.

वाचणं आधी कानानं शिकतात, डोळ्यानं नंतर. 'मका' म्हटलं की आधी म वाजतो, मग का. हे ज्या पोराला ऐकू आलं त्याला अक्षर दाखवणं सोपं. ज्याला ऐकू आलं नाही त्याच्यासाठी अक्षर म्हणजे नुसती वाकडी रेघ. म्हणून सुरुवातीचे महिने मी खडू हातात घेतच नसे. आम्ही आवाज पकडायचो. तुझ्या नावात पहिलं काय वाजते? तुझ्या आईच्या? बैलाच्या? ह्या खेळाला वेळ लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की बाई गप्पा करून राहिल्या, शिकवून नाही राहिल्या. माझ्या नावानं ही तक्रार अनेकदा वर गेलेली आहे.

ह्या खेळात पायल बागडे सगळ्यांच्या पुढे होती. सहा वर्षांची, पुढचे दात पडलेले, एक वेणी नेहमी दुसरीपेक्षा लांब. वडील राजू बोरगावच्या एका कारखान्यात, आई वंदना संत्र्याच्या तोडाईला आणि कापूस वेचायला जाणारी. पायलला आवाज पकडायचा नादच लागला होता. जेवणाच्या ताटावर बसली तरी चालू. "मॅडम, भात आन भाजी सारकेच वाजते." एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, चिंचेतला पयला च आन मंगचा च वेगळा वाजते."

मी म्हणाले, "वेगळा कसा?"

"पयल्यात जीभ वर लागते. मंगच्यात दातापाशी येते."

तुम्ही आत्ता मनातल्या मनात 'चिंच' म्हणून पाहिलं असेल. पाहा, दोन च आहेत की नाही. माझे केस या कामात पांढरे झाले आणि ते मला त्या दिवशी कळलं. शिक्षकाला असं एखादं लेकरू मिळालं की तो वर्षभर फुकटात काम करायला तयार असतो.

त्याच वर्षी वरून जाँच आली. पहिलीतल्या मुलांना आवाज ओळखता येतात का, ते तपासायला टॅब घेऊन एक तरुण मुलगा आला. रीवाकडचा होता. पोरगेला, नम्र, पायातले बूट बाहेर काढून व्हरांड्यात बसला. शिक्षकांनी जवळ बसायचं नाही असा नियम होता. एकेक मूल त्याच्यासमोर जायचं. तो टॅबवर चित्र दाखवायचा आणि विचारायचा, "इसके नाम की पहली आवाज़ क्या है?"

मी आत वर्ग सांभाळत होते, पण दार उघडं होतं. चित्रं मला दिसत नव्हती, उत्तरं ऐकू येत होती. बरीच पोरं गप्प राहत होती, नाहीतर सूर लावून "क कमल का" म्हणत होती. मग पायलचा खणखणीत आवाज आला. "ड." मग "च." मग "घ." मग "स." एकदाही अडखळली नाही. मला आतून एवढं बरं वाटलं की मी बाकीच्या पोरांना उगाच म्हटलं, "ऐका, कशी सांगून राहिली ती."

जाँच संपल्यावर तो मुलगा आणि आमचे हेडमास्तर चौरसिया सर ऑफिसात चहा घेत होते. चौरसिया सर जबलपूरकडचे. माणूस कष्टाळू, शाळेची पाण्याची टाकी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. मी गेले ती कौतुक ऐकायला. टॅबवर सगळ्या पोरांची नावं होती आणि नावापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. पायलच्या नावापुढे लाल.

मी म्हणाले, "ये गलत हुआ है. बागडे पायल देखिए."

"वही है, मैडम," तो म्हणाला. "सिर्फ एक सही है. नल का न. बाकी सब गलत."

मी म्हटलं, मला चित्रं दाखव. त्यानं दाखवली. डाळिंब. टॅबचं उत्तर अ, अनार का. पायलनं सांगितलं ड. चिंच. टॅबचं उत्तर इ, इमली का. पायल, च. घुबड. टॅबचं उत्तर उ, उल्लू का. पायल, घ. खरगोशला स, ससा. कमळ तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं, आमच्याकडे तळी नाहीत, तिला ते नुसतं फूल दिसलं आणि तिनं फ सांगितलं. नळ तेवढा दोन्ही भाषांत न नं सुरू होतो, म्हणून तो सुटला.

मला आधी हसूच आलं. वाटलं, आता हे दोघेही हसतील आणि तो पोरगा ठिपका बदलून टाकेल. मी एकेक चित्र दाखवून सांगितलं, डाळिंब, चिंच, घुबड. "सर, एक भी जवाब गलत नहीं है. सब सही हैं. मराठी में."

चौरसिया सर म्हणाले, "जाँच मराठी में नहीं थी न, मैडम."

"बच्ची तो मराठी में थी," मी म्हणाले.

तो मुलगा ओशाळला. म्हणाला, ॲपमध्ये जे उत्तर भरलेलं आहे तेच धरावं लागतं, माझ्या हातात बदलायला बटणच नाही. आणि खरंच नव्हतं, त्यानं मला शोधून दाखवलं. वाईट माणूस समोर असता तर मी भांडले असते. चांगल्या माणसासमोर, चहाचा कप हातात घेऊन, एक लेकरू बुडालं.

लाल ठिपक्याच्या मुलांसाठी सौंसरला शिबिर भरायचं होतं. ऐकू कमी येणारी, नजर कमी असलेली, डोक्यानं मागे असलेली मुलं तिथे डॉक्टर तपासणार. चौरसिया सरांनी पायलचं नाव दिलं. मी अडवलं तर म्हणाले, "इसमें नुकसान क्या है? कुछ निकला तो सरकारी मदद मिलेगी. बच्ची का भला ही होगा." ते मनापासून बोलत होते, आणि त्यांनीच राजूला फोन केला.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी वंदना फाटकात उभी. डोक्याला रुमाल, हातात डबा, तोडाईच्या गाडीला निघालेली. बाकीच्या बाया पुढे गाडीपाशी थांबल्या होत्या, म्हणून ती हळू आवाजात बोलत होती.

"मॅडम, माही पोरगी येडी हाय काय? खरं सांगजा."

मी तिला सगळं सांगितलं. चित्रं कोणती, पायलनं काय सांगितलं, टॅबला काय हवं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तिनं बरोबर सांगलं."

"सगळं बरोबर सांगितलं."

"मंग तुमी त्याइले बोलल्या नाई?"

"बोलले ना."

"बोलल्या तं मंग लाल काहून हाय?"

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ती गेली. 

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. राजूचं म्हणणं, "साहेबानं मशीनवर पाहून सांगलं. मशीन काऊन खोटं बोलन?" पायलची आजी म्हणाली, मंग शाळेत धाडून काय फायदा, घरी राहीन तं लहानीले सांभाळन. लहानी म्हणजे पायलची धाकटी बहीण परी. गल्लीतल्या पोरांना तर खेळणंच मिळालं. कोणीही दगड, काडी, बकरी दाखवायचं, "सांग वं पायल, हे काय व्हय?" आणि ती सांगायच्या आत हसायचं.

पायल शाळेत यायची, कारण वंदना तिला ओढून आणून सोडायची. पण ती बोलायची बंद झाली. रुसून गप्प बसलेलं मूल आणि बोलणं आत ओढून घेतलेलं मूल यातला फरक शिक्षकाला दिसतो. मी विचारलं, "पायल, भात कसा वाजतो?" तर माझ्या तोंडाकडे अशी पाहायची, की यातही काहीतरी फसवणूक आहे. आणि तिचं काय चुकत होतं? तिनं जे खात्रीनं बरोबर सांगितलं होतं तेच मोठ्या माणसांनी चूक ठरवलं होतं. मग पुढचं काही खात्रीनं सांगायचंच कशाला?

मी रजा टाकून शिक्षण खात्याच्या सौंसरच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब आमच्याच भागातले. त्यांच्या आईला मी ओळखत होते, बाजारात भेटायच्या, चांगल्या ठसठशीत वऱ्हाडीत भाजीवाल्याशी हुज्जत घालायच्या. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर कागद चिकटवलेला होता, 'बच्चे की मातृभाषा का सम्मान करें.' कागदावर एक गोड मुलगी हसत होती. मी माझं म्हणणं मांडलं. साहेब हिंदीत म्हणाले, "मैडम, आखिर पढ़ना तो उसे हिंदी में ही है. आज नहीं तो कल सीखना पड़ेगा. आप लोग पहली से ही हिंदी में बोला करो, तो ये नौबत ही न आए."

मी म्हणाले, "हिंदी शिकवतेच आहे मी, साहेब. पण ही जाँच हिंदी येते का याची नव्हती. आवाज ऐकू येतो का, याची होती. तो तिला सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येतो. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या."

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर शिपाई होता. मग टेबलावर वाकून, आवाज उतरवून म्हणाले, "मले समजते नं, मॅडम. पण माह्या हातात काय हाय, सांगा बरं."

मला त्या वेळी जो संताप आला तो त्यांच्या नकाराचा नव्हता. हुकूम द्यायला हिंदी, आणि हात वर करायला आईची भाषा! मी उठले. कागदावरच्या हसऱ्या मुलीला मी काहीतरी बोलले असेन, कारण शिपाई माझ्याकडे पाहत राहिला.

शिबिराच्या दिवशी मी वंदनाबरोबर गेले. तिचा रोज बुडाला, माझी आणखी एक रजा गेली. सौंसरच्या एका शाळेच्या आवारात मंडप होता आणि लोक सकाळपासून बसलेले. ज्यांना खरंच गरज होती अशी मुलं होती तिथे. तिगावकडून आलेला एक बाप आपल्या मोठ्या झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन उभा होता, कारण खाली ठेवलं तर मुलगा एका बाजूला कलंडायचा. त्यांच्या रांगेत, त्यांच्या पुढे, चिंचेतले दोन च ओळखणारी धडधाकट पोरगी. मी त्या बापाला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. तो म्हणाला, "नाई, बाई, नंबरानंच घेते." त्याचाही वेळ आम्ही खाल्ला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. त्यांनी पायलला चित्र दाखवलं. "ये क्या है, बेटा?" पायल गप्प. दुसरं चित्र. गप्प. बाईंनी पेन उचललं. वंदनाचा धीर सुटला. "बोल नं वं माय! घरी तं टकळी चालते तुही! बोल, नाई तं येडी म्हणून लिहून देते!" आणि तिनं पोरीला हलवलं आणि स्वतःच रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घर में कौन सी भाषा बोलते हैं आप?"

"मराठी," मी म्हणाले.

"तो मुझसे हिंदी में क्यों पुछवा रहे हैं?" मग त्यांनी पायलचे कान तपासले, मागून टाळी वाजवली, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायला सांगितलं, दोन वस्तू आणायला पाठवलं. मराठी शब्द मी सांगायची. पायलनं सगळं केलं, तोंडातून अक्षर न काढता. बाई म्हणाल्या, "कुछ नहीं है इसे. ले जाइए." संपलं. महिनाभर ज्या प्रश्नाला कोणाकडे वेळ नव्हता तो त्यांना लगेच सुचला. मी त्यांचे आभार मानले आणि पायलला घेऊन मंडपाबाहेर आले. ही अक्कल एवढी दुर्मिळ का असावी?

टॅबमधला ठिपका लालच राहिला. डॉक्टरनं काय म्हटलं ते भरायला त्यात जागा नव्हती.

आणि पायल गप्पच होती. लेकराचं बोलणं डॉक्टरच्या निकालानं परत येत नाही. मी तिला विचारणं थांबवलं. वर्गात कोणालाच चित्रं दाखवून विचारणं थांबवलं. त्याऐवजी पोरांना सांगितलं, येताना वाटेतून, घरातून काहीही आणा. आज सगळं स चं. जमिनीवर टोपलं ठेवायचं आणि ज्यानं जे आणलं ते त्यात टाकायचं. नाव घरचं चालेल, शाळेचंही चालेल. पोरं संत्रं आणायची, सुतळी, साबणाचा तुकडा, साल. द च्या दिवशी कोणी दगड आणला, आणि प च्या दिवशी तोच दगड पत्थर म्हणून परत आला. यावर पोरांची जोरदार भांडणं झाली, आणि भांडता भांडता त्यांना कळलं की एका वस्तूला दोन नावं असतात, म्हणून दोन पहिले आवाज असतात. हे मी फळ्यावर लिहून वर्षभर शिकवलं असतं तरी कळलं नसतं. आमच्या खात्यात त्या टोपल्याला 'कचरा' म्हणून शेरा मिळाला, तेही सांगून ठेवते.

पायल यायची, वस्तू टोपल्यात ठेवायची, जागेवर बसायची. नाव सांगायची नाही. मी विचारायची नाही. पण मी पाहत होते. तिची वस्तू कधीच चुकीच्या दिवशी आली नाही.

पुन्हा एकदा स चा दिवस होता. रोहित नावाच्या मुलानं भुईमुगाची शेंग आणून टोपल्यात टाकली. आमच्याकडे बरेच जण शेंगेला सेंगच म्हणतात, त्यामुळे बाकीच्यांना काही वावगं वाटलं नाही. मी बोलणार तेवढ्यात पायल उठली. तिनं टोपल्यात हात घालून शेंग बाहेर काढली आणि रोहितच्या मांडीवर ठेवली.

"काहून?" रोहित म्हणाला.

त्यानं शेंग परत टोपल्यात टाकली. तिनं परत काढली. तिसऱ्यांदा तो टाकायला लागला तेव्हा तिला राग आला.

"शेंग! सेंग नाई, शेंग! श वाजते, बयऱ्या!"

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मी फळ्याकडे तोंड केलं आणि काहीतरी पुसायला लागले. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. लोकांना वाटेल मला आनंद झाला. झाला. पण मला त्याहून जास्त हे दिसत होतं की हे बोलणं तिच्यात एवढे दिवस तसंच होतं, शाबूत होतं, आणि ते बाहेर काढायला तिला माझ्यासारखंच चिडावं लागलं.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. आधी रोहितशी, मग सगळ्यांशी, सगळ्यात शेवटी माझ्याशी. दिवाळीनंतर तिला अक्षरं दाखवली तर ती भराभर वाचायला लागली, मराठीही आणि हिंदीही. अनार, इमली, उल्लू तिला मी शिकवलं, ते शिकवणं माझं कामच होतं. पुढच्या वर्षी लाल ठिपक्याच्या मुलांना पुन्हा तपासायला टॅब परत आला. या वेळी दुसरा मुलगा होता, चित्रं तीच. पायलला हिरवा ठिपका मिळाला. चौरसिया सरांनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की शाळेच्या प्रयत्नांनी कमजोर बच्ची आगे आई. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. वंदनानं पेढे आणले. मी एक खाल्ला, कारण तिचं मन मोडवेना. ती मुलगी आधीही तेवढीच हुशार होती, आणि आता ते ग्रुपवर कोणाला सांगणार?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी परी पहिलीत आली. पायल तेव्हा वरच्या वर्गात, उंच झालेली, दोन्ही वेण्या सारख्या घालणारी. पहिल्या दिवशी तीच बहिणीला हात धरून घेऊन आली. दारात थांबून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तिचा फ्रॉक नीट केला आणि स्वतःच्या वर्गात निघून गेली.

नव्या पोरांशी ओळख म्हणून मी खिडकीबाहेरच्या गायीकडे बोट दाखवलं आणि सहज विचारलं, "ते काय आहे, परी?"

परी उभी राहिली. दोन्ही हात मागे बांधले, बहिणीनं शिकवल्यासारखे.

"मॅडम, घरचं नाव सांगू का शाळेचं?"

मी म्हणाले, "जे आधी तोंडात येईल ते."

ती तशीच उभी राहिली. तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिनं वळून दाराकडे पाहिलं, पायल अजून दिसते का म्हणून. गाय तर दोन्ही भाषांत गायच आहे. पण त्या लेकराला तेही सांगायचं धाडस झालं नाही.